आईच्या गाडीचा हिवाळा

भात कापून, झोडून घरात आलं की मागच्या शेतात आता काही उरलं नाही असं लांबून वाटतं. जवळ गेलं की धसकटांच्या मधून वालाचे वेल वर आलेले दिसतात. त्यांना कुणी पाणी देत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर ते आपापले वाढतात. यंदाही आलेत. काल सकाळी चहाचा कप घेऊन बांधावर गेले तर पहिली फुलं दिसली. त्यांचा तो किंचित कडवट, हिरवा वास नाकात गेला आणि चार वर्षांपूर्वीचा हिवाळा एकदम समोर आला. गार पत्रा, पॉलिश पेपरची खरखर, बाबांच्या हातोडीची टकटक, आणि घराच्या खिडकीतून आईचा आवाज, "झालं का गं तुमचं खेळणं?"

त्या हिवाळ्यात आम्ही एक गाडी दुरुस्त केली. सांगायला एवढंच आहे. पण मला वाटतं, आमच्या तिघांच्या आयुष्यात तेवढा एकच काळ असा गेला, की संध्याकाळी हात धुताना उद्या सकाळ कधी होते असं वाटायचं.

आम्ही पळसदरीचे. बाबा रेल्वेत गँगमन होते. घाट चढायला लागणाऱ्या रुळांवरून त्यांची सगळी नोकरी चालत चालत गेली. मी कर्जतला एका तपासणीच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, म्हणून मी परत आईबाबांकडे आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आईचं माहेर मात्र घाटावर, माळशेज चढून गेल्यावर ओतूरच्या बाजूला. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिची भाषा ऐकून बायका हसायच्या म्हणे. पुढे ती आमच्यासारखी हाय-नाय बोलायला लागली. फक्त मालनमावशीशी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीशी फोनवर बोलताना तिचं जुनं बोलणं परत यायचं. तिकडून मावशी "शेवंते" म्हणाली की इकडून आई "व्हय गं आक्का" म्हणायची, आणि मग अर्धा तास स्वयंपाकघरातली ही बाई मला अनोळखी वाटायची.

एका पावसाळ्याच्या शेवटी आई विहिरीच्या पायरीवरून पडली. मणका दुखावला. ऑपरेशन झालं, काठी घेऊन ती चालायलाही लागली, पण बसणं तिच्याकडून गेलं. वीस मिनिटं बसली की पाठीतून अशी कळ यायची की चेहरा पांढरा पडायचा. डॉक्टर म्हणाले, चाला, नाहीतर झोपा, बसू नका. ऐकताना सोपं वाटलं. नंतर लक्षात आलं की माणसाचे सगळे प्रवास बसून करायचे असतात. एसटी, रेल्वे, रिक्षा, कुणाची मोटर, सगळीकडे बसायचंच. आईचं जग पुढच्या खोलीतली कॉट, तिच्या उशाची खिडकी आणि अंगणातल्या चाळीस पावलांएवढं राहिलं.

मावशीचे गुडघे गेलेले, तिला इकडे येणं शक्य नव्हतं. फोन रोज चालायचा. "कधी येतीस?" हे मावशीचं पहिलं वाक्य असायचं आणि आई दर वेळी काहीतरी उत्तर द्यायची. थोडं बरं वाटू दे, पाऊस सरू दे, सुजाताला, म्हणजे मला, सुट्टी मिळू दे. अशी तीन वर्षं गेली. मग एके दिवशी फोन ठेवल्यावर आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि सहज सांगावं तसं म्हणाली, "आक्का आता कधी येतीस असं विचारत नाय. बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. बाबा दाराशी चपला घालत होते. ते तसेच थांबले, एक चप्पल पायात, एक हातात.

त्यानंतर आठवडाभरात मी स्कूटर दुरुस्तीला घेऊन अन्वरभाईंच्या गॅरेजमध्ये गेले. कळंबच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे, मागे मोठं आवार. तिथे चिंचेखाली एक उंच टपाची जुनी व्हॅन उभी होती. चाकं जमिनीत रुतलेली, टपावर चिंचेच्या पाल्याचा थर. स्कूटर होईपर्यंत वेळ होता म्हणून मी उगाच तिचा मागचा दरवाजा ओढला. तो कुरकुरत उघडला आणि आतून पावाचा वास आला. ताज्या, गरम, फुगलेल्या पावाचा. मी चकित होऊन आत बघत राहिले. आत काहीच नव्हतं, नुसता रिकामा पत्रा आणि एका कोपऱ्यात पालीचं अंडं.

अन्वरभाई हात पुसत मागे आले. "नेरळच्या एका बेकरीवाल्याची होती," ते म्हणाले. "मागच्या सीटा काढून त्यानं ट्रे लावलेले. कागदावर साधी व्हॅनच आहे. उन्हानं पत्रा तापला की अजून वास येतो. माझी बायको म्हणते, ही गाडी बघितली की भूक लागते."

मी आत चढून पत्र्यावर आडवी झाले. का झाले ते मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. पाय लांब केले तरी दरवाजा लागत नव्हता. वर टप इतका उंच होता की माणूस उठून बसू शकेल. मी तशीच पडून राहिले. बाजूच्या खिडकीतून चिंचेची फांदी आणि तिच्या पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"बरं नाय वाटत का ताई?" अन्वरभाईंनी काळजीने विचारलं.

"अन्वरभाई, माणूस झोपून जाऊ शकेल का हिच्यातून? घाट चढून?"

त्यांनी पुढे होऊन टपाच्या पत्र्यावरून हात फिरवला. त्यांना आईचं माहीत होतं. मग म्हणाले, "इंजिन मी बघतो. बाकीचं तुमच्या बाबांना विचारा."

आमच्याकडे पैसे जेमतेम होते, त्यामुळे गाडीचं इंजिन, ब्रेक आणि टायर सोडून बाकी सगळं हातानेच करायचं ठरलं. बदलाची नोंद सरकारी कागदांवर करून घ्यायची खटपट अन्वरभाईंनी आपणहून अंगावर घेतली. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला गाडी ओढून आमच्याकडे आणली. भात झोडून झालेलं होतं, खळं रिकामं आणि सारवलेलं होतं, त्या खळ्यावरच ती उभी राहिली. आई खिडकीतून बघत होती. बाबा तिला काही सांगायला गेले तर ती म्हणाली, "मी काय पावाची लादी हाय, मला आत ठिवून न्यायला?" आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

पण ती खिडकी लावून घेत नव्हती, हे मी पाहिलं होतं.

बाबांनी गाडी आधी ऐकली. दुसरा शब्द मला सापडत नाही. आयुष्यभर त्यांनी रुळांवर हातोडी मारून आवाज ऐकला. सांधा कुठे सैल आहे, बोल्ट कुठे ढिला आहे हे त्यांच्या कानाला कळायचं. गाडीभोवतीही ते तसेच फिरले, छोटी हातोडी टकटक मारत आणि मान कलती करून ऐकत. "हितं पोकळ बोलतंय," म्हणायचे, आणि मी तिथे खडूने गोल काढायची. दोन दिवसांनी सगळी गाडी पांढऱ्या गोलांनी भरली. सकाळच्या धुक्यात खळ्यावर ती उभी दिसायची तेव्हा एखादं ठिपक्यांचं जनावर रात्री रानातून येऊन आमच्या दारात झोपलंय असं वाटायचं.

मग तो गंज खरवडणं. मी लॅबमधून दुपारी येत असे आणि ऊन उतरेपर्यंत खरवडत असे. गंजाची तांबडी पूड केसांत, पापण्यांवर, भाकरीला हात लावला तर भाकरीवर. माघाच्या सुरुवातीपर्यंत माझी नखं स्वच्छ झाली नाहीत. लॅबमध्ये हातमोजे घालायचे म्हणून बरं, नाहीतर रक्त द्यायला आलेली माणसं घाबरली असती. बाजूला वालाचे वेल, त्यांच्यावरून येणारी थंड हवा, लांब घाट चढणाऱ्या मालगाडीचं धापा टाकणं, आणि उन्हाने पत्रा तापला की हळूहळू पसरणारा तो पावाचा वास. त्या वासात काम करताना मला सारखी झोप यायची. दुःखाची किंवा थकव्याची नव्हे, लहानपणी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर यायची तशी.

सामान कुठून कुठून आलं. खोपोलीच्या भंगारवाल्याकडून घट्ट फोम आणि पट्टे. एका रिसॉर्टच्या जुन्या खोल्या पाडल्या, तिथून सागाच्या खिडकीची दोन फळकुटं. पत्रा तापू नये म्हणून छताला थर्माकोल चिकटवला आणि त्यावर आतून लावायला बाबांनी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स आणले, रस्त्याकडेला पडलेले, धुऊन वाळवलेले. पांढरी बाजू खाली करून ठोकले. छान दिसलं. पण दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं तर पांढऱ्यातून पुसट चेहरे आणि जोडलेले हात दिसत होते. बाबा गंभीरपणे म्हणाले, "राहू दे. तुज्या आईला सोबत हुईल."

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पडद्याचं काय करणार हाईस?"

"बघू. काहीतरी लावू."

"काहीतरी लावू म्हणजे? ती पेटी उघड. खालच्या दोन साड्या काढ. मोजमाप आण."

आईने पडदे कॉटवर पडून शिवले. मशीनवर बसणं तिला जमणार नव्हतं. कापड तोंडावर धरायचं आणि सुई वर-खाली करायची. खिडकीतलं ऊन त्या पातळ झालेल्या साडीतून तिच्या चेहऱ्यावर पडायचं, आणि चेहरा निळा व्हायचा. कधी दोरा तुटून तिच्या कपाळावर पडायचा, ती तो फुंकरीने उडवायची. त्या दिवसांत मी कामावरून आले की आधी तिच्या खोलीत डोकावायची आणि तिथला तो निळा उजेड बघत दाराशी उभी राहायची. तीन वर्षांत तिच्या हाताला काम असं नव्हतं. आम्हीच ते दिलं नव्हतं. तिला जपायचं म्हणून तिच्यासमोरचं ताटसुद्धा उचलत होतो.

आईच्या बिछान्याचं मात्र जमत नव्हतं. गाडीला धक्के बसणार, आणि तिच्या पाठीला धक्का चालणार नव्हता. आधी आम्ही स्प्रिंगा लावल्या. मग आईने खिडकीतून हुकूम सोडला. "तांब्या घ्या. काठोकाठ भरा. गोधडीत रोवून त्या बिछान्यावर ठिवा आणि कर्जतला जाऊन या. अर्धा भरलेला परत आला तर मी बसन. म्हणजे झोपन."

मी गाडी चालवायला शिकले होते, पण शिकून नुसता परवाना खिशात ठेवला होता. या गाडीवर अन्वरभाईंनी मला परत शिकवलं, पंधरा दिवस, शेलू-नेरळच्या रस्त्याला. मग तांब्या घेऊन निघाले. परत आलो तर तांब्या कोरडा आणि गोधडी चिंब. बाबांनी तो आईला दाखवला. तिने पडद्याचं शिवण खाली ठेवलं, हे मला दिसलं.

दुसऱ्यांदा फोमची जाडी वाढवली. तांब्याच्या तळाला दोन बोटं पाणी उरलं.

त्या संध्याकाळी बाबा गाडीत पाठमोरे बसले होते. मी स्प्रिंगांचे नटबोल्ट काढत होते. उन्हं डोंगराआड गेली होती आणि गार वारा सुटला होता. बाबा बाहेर न बघता म्हणाले, "सुजे, ती विहिरीची पायरी हलत व्हती."

मी पाना खाली ठेवला.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "दोन म्हयने ठावं व्हतं. रुळाखालचा येक दगुड हालला तर मी पळत जायाचो. आन घरच्या पायरीला म्हनलो, उद्या बसवू."

आई पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती दवाखान्यात असताना, बाबांनी ती पायरी सिमेंटने पक्की करून टाकली होती. आम्हाला वाटलं होतं, पुढं कुणी पडू नये म्हणून. तीन वर्षं ते रोज त्या पायरीवर उभे राहून पाणी काढत होते. मी नुसतीच त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आमच्या घरात कुणी कुणाच्या खांद्यावर हात वगैरे ठेवत नाही. आम्ही दोघं उघड्या दारातून वालाच्या शेताकडे बघत राहिलो, अंधारून येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर उठून कुठेतरी गेले आणि ट्रकच्या चार जुन्या ट्यूब आणि जाड दोरीचं भेंडोळं घेऊन आले. लाकडी चौकट केली, त्यावर दोरीची बाज विणली, आणि ती चौकट अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवून पट्ट्यांनी बांधली. वर फोम. आईला बांधून ठेवायला दोन रुंद पट्टे, एक छातीवरून, एक गुडघ्यांवरून. विणताना त्यांनी मला हात लावू दिला नाही. दोरी ओढून बोटं सोलली तरी नाही. विणून झाल्यावर मला म्हणाले, "आदी तांब्या नको. मीच झोपतो. तू चालव."

मी मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांनी कशेळ्यापर्यंत गेले. मागून आवाज येईना. थांबून बघितलं तर बाबा झोपी गेले होते. तोंड उघडं, हात छातीवर, गालावर निळ्या पडद्यातून आलेलं ऊन. उभ्या आयुष्यात लांबून येणाऱ्या गाडीचा कानोसा घेत राहिलेला हा माणूस दुपारी कधी झोपलेला मला आठवत नव्हता. मी त्यांना उठवलं नाही. रस्त्याकडेला गाडी लावून स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून बसून राहिले. समोर पेंढ्याच्या उडव्या होत्या, त्यांच्यावर साळुंक्या उतरत होत्या, उडत होत्या.

परतीला तांब्या काठोकाठ भरून ठेवला. घरी पोचलो तेव्हा पाणी अर्ध्याहून जरासं कमी होतं. बाबांनी तो आईपुढे धरला. आईने आत वाकून बघितलं, बोट बुडवून पाणी कुठवर आहे ते पाहिलं, आणि म्हणाली, "अर्धाच धरू."

माघातल्या एका पहाटे आम्ही निघालो. निघण्याआधी आई गाडीत आडवी झाली, आम्ही दोघं दारात उभे राहिलो आणि तिघांनी वंदना म्हटली. आईचा आवाज बारीक आणि नेहमीपेक्षा घाईचा होता. ती घाबरली होती. मीही. बाबांनी पट्टे बांधले, परत सोडले, परत बांधले, मग तिच्या शेजारी मागच्या लहान सीटवर बसले. त्या दिवशी मी गाडी कशी चालवली ते मला धड आठवत नाही. आठवतं ते मागून येणारं आईचं बोलणं. कशेळे गेलं, म्हसा गेलं, आणि तिची भीती हळूहळू गेली असावी, कारण ती सांगायला लागली. पडल्या पडल्या तिला रस्ता दिसत नव्हता, नुसते झाडांचे शेंडे, तारा, आणि आभाळ.

"हा आंबा. मोहोर लई आलाय औंदा." मग जरा वेळाने, "हा साग. ही सावर, फुलं लागलीत." मग, "आपण पाण्यातनं चाललोय असं वाटतंय बघ. वर बघितलं की."

तीनदा थांबलो. दर वेळी तिने उतरून काठी टेकत वीस-तीस पावलं केली, बाबा तिच्या मागे हात पुढे करून, न धरता. एका ठिकाणी स्टोव्ह पेटवून चहा केला. कळ आली का, असं मी दर वेळी विचारायची आणि ती मान हलवायची. मुरबाडच्या पुढे मात्र एकदा आली. गाडी थांबवली. आई डोळे मिटून, ओठ दाबून पडून होती. परत फिरूया, मी म्हणाले. बाबा तिचा हात हातात घेऊन बसले. पंधरा मिनिटांनी तिने डोळे उघडले. "एवढी कळ तर मला घरीबी येती," ती म्हणाली. "चल."

माळशेज मी दुसऱ्या गिअरवर चढले. कडे जवळ आले, लांब गेले. बोगद्यातला अंधार, मग झगझगीत उजेड. चढून वर आल्यावर आईने थांबायला सांगितलं. दार उघडलं तर वारा आत आला, कोरडा, हलका, आमच्याकडच्यासारखा दमट नाही. आईने तो नाकाने ओढून घेतला. मी रस्त्यापलीकडे पाणी आणायला गेले. परत येताना मला दोघांचं बोलणं ऐकू आलं, म्हणून मी दाराच्या अलीकडेच थांबले.

"ते पायरीचं आता सोडा," आई सांगत होती.

बाबा तिच्यावरचा पट्टा सोडवत असावेत, त्याची खरखर ऐकू आली.

"मलाबी ठावं व्हतं ती हालतीय. रोज मीच पाय द्यायची तिच्यावर. तुमी एकटेच कशापायी घेऊन बसलाय?"

मी पाण्याची बाटली घेऊन तिथेच थांबले. बऱ्याच वेळाने बाबांनी नाक शिंकरलं, आणि मग मी पुढे झाले.

मावशीच्या दारात गाडी लागली तेव्हा दुपार झाली होती. आतून ती भिंतीला धरून धरून बाहेर आली. इतकी लहान झाली होती की मला क्षणभर ओळखूच आली नाही. तिच्या सुनेने पुढच्या खोलीत गादी घातली होती, पण घराला चार उंच पायऱ्या. आई खालून त्या पायऱ्यांकडे बघत होती, मावशी वरून तिच्याकडे. मग मावशी बाबांना म्हणाली, "पाव्हनं, ते स्टूल लावा गाडीला. ती न्हाई चढत तर मी उतरती."

तिला उतरवायला आणि गाडीत चढवायला आम्हाला चांगला पाऊण तास लागला. बाज रुंद नव्हती, पण दोघी कुशीवर मावल्या. मावशीने वर बघितलं. "शेवंते, ह्ये छतातनं कोण गं हात जोडतंय?"

"मतं मागाया आल्यात," आई म्हणाली.

आणि दोघी हसायला लागल्या. हसताना आईला कळ आली असणार, कारण मधेच "आई गं" ऐकू आलं, आणि मग परत हसणं. बाबांनी पडदा ओढला. आम्ही दोघं समोरच्या बोरीखाली पटकुरावर बसलो, मावशीच्या सुनेने तिथेच भाकरी आणून दिली. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. तीन वर्षांचं बोलणं होतं ते. मधे ते थांबलं तेव्हा मी उठून डोकावले. दोघी झोपल्या होत्या, मावशीचा हात आईच्या दंडावर. त्या निळ्या उजेडात दोघींचे चेहरे इतके सारखे दिसत होते, की कोण थोरली ते ओळखू येऊ नये. दोन दिवस त्या तशाच तिथे राहिल्या, आणि आम्ही दोघं मावशीच्या घरात झोपलो.

पुढच्या तीन हिवाळ्यांत आम्ही असे परत गेलो. गेल्या भादव्यात मावशी गेली. पाऊस होता, घाटात दरड पडून रस्ता बंद होता, आम्हाला जाता आलं नाही. आईने फोनवरच सगळं ऐकलं. ती फार रडली नाही. म्हणाली, "भेटले व्हते ना मी तिला." हे ती नंतरही काही दिवस मधेच म्हणायची, कुणी काही विचारलेलं नसताना.

त्यानंतर गाडीचं कुणी नाव काढलं नाही. बाबा पंधरा दिवसांनी तिचं इंजिन चालू करून ठेवायचे, एवढंच. दिवाळी गेली, कापणी झाली, खळं सारवून झालं. अन्वरभाईंनी एकदा विचारलं, कुणीतरी घ्यायला तयार आहे, देता का? मी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "आता कुठं जायाचंय तिच्यातनं." त्यांचंही खरं होतं. आईला जायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी अन्वरभाईंना होकार कळवणार होते, पण दोन दिवस तसेच गेले.

काल बांधावरून परत आले तर आई कॉटवर उठून बसली होती. मी ओंजळीत वालाची चार फुलं आणली होती, ती तिच्या उशाशी ठेवली. तिने ती हुंगली.

"गाडी चालू हाय ना?" तिने विचारलं.

बाबा दारातून आत आले. "चालू हाय. का? कुनाकडं जायाचंय?"

"कुणाकडं नाय," आई म्हणाली.

बाबांना कळेना. मलाही.

"आजवर कुणाकडं तरीच गेले मी," ती म्हणाली. "माहेरी, नायतर तुमच्याकडं, नायतर दवाखान्यात. वाट ठरलेली, माणसं ठरलेली. आता कुणाकडं जायचं नाय असं जाऊन बघू की एकदा. चहा करू, पडू, परत येऊ."

बाबा माझ्याकडे बघत होते. मी फोन घेऊन बाहेर गेले आणि अन्वरभाईंना सांगितलं, गाडी द्यायची नाही.

आज पहाटे निघालो. कर्जत मागे टाकलं. हमरस्त्याला जिथे आमचा रस्ता लागतो त्या तिठ्यावर मी गाडी कडेला घेतली, कारण कुठे जायचं हे खरोखरच कुणी ठरवलेलं नव्हतं. डावीकडे खालापूर, खोपोली, घाटाची बाजू. तिकडे अजून दाट धुकं होतं. उजव्या हाताच्या डोंगरांच्या माथ्यावर मात्र पिवळं ऊन उतरायला लागलं होतं. बाबांनी मागून विचारलं, "का गं थांबलीस?"

"कुठे वळू ते सांगा."

ते आईकडे बघत राहिले असावेत. तिने खिडकीचा पडदा सारला, त्याचा आवाज मला आला.

"जिकडं ऊन आलंय तिकडं घे," आई म्हणाली.

मी उजवीकडे वळले.